क्षमा केली, मग पैसे मागू की नको?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"बारा वर्षं मी एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी प्रार्थनागटातल्या माझ्या जवळच्या मैत्रिणीने मुलीच्या फीसाठी माझ्याकडून पैसे उसने घेतले. रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. 'तीन महिन्यांत देते,' म्हणाली. कागद केला नाही. एकत्र गुडघे टेकणाऱ्या आम्ही, कागद कसला करायचा? मी तीन-चार वेळा सुचवून पाहिलं. 'प्रभू मार्ग काढेल, तूही प्रार्थना कर,' हे उत्तर. रोज सकाळी सहाला ती ग्रुपवर वचन टाकते. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे नवा सोफा आला. तिचे यजमान मंडळीच्या कमिटीवर आहेत. गटातल्या चौघींना मी प्रार्थनाविनंती म्हणून हे सांगितलं. पाळकांनाही सांगितलं. ते म्हणाले, 'ताई, सत्तर वेळा सात क्षमा करायची असते. आणि पहिले करिंथ, सहावा अध्याय वाचा, भावाने भावावर फिर्याद करू नये.' मी रोज म्हणते की क्षमा केली आणि रोज मनात हिशेब मांडते. येशूने तर परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या म्हटलंय, म्हणजे माझंच चुकलं का? गेले तीन महिने उपासनेतलं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा कप, घेतलेलं नाही. कपांचा ट्रे आला की पुढे सरकवते. नवरा म्हणतो, ती मंडळीच सोड. क्षमा केली म्हणजे पैशांवर पाणी सोडायचं का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पैशांसाठी आणि दुसऱ्यांदा त्या ट्रेसाठी. पैशांचं बघू, त्याला वाट आहे. ट्रेचं आधी बोलते, कारण तिथे तुम्ही स्वतःलाच शिक्षा ठोठावून बसला आहात आणि तशी शिक्षा तुम्हाला कुणी सांगितलेली नाही.

'अयोग्य प्रकारे भाकर खाऊ नये' हे तुमच्या मनात असणार. पहिले करिंथ, अकरावा अध्याय. पण करिंथच्या मंडळीला ते पत्र लिहिताना प्रेषित पौलासमोर काय होतं, ते त्याच पानावर थोडं वर आहे. करिंथमध्ये लोक भोजनाला जमायचे तेव्हा काही जण आधीच येऊन आपापलं खाऊन घ्यायचे. एक भुकेला राहायचा, दुसऱ्याला नशा चढलेली असायची, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हतं त्यांना खाली मान घालावी लागायची. अयोग्यपणा होता तो हा. म्हणजे तिथेही भानगड मंडळीतल्या असणाऱ्यांची आणि नसणाऱ्यांचीच होती. पुढे पौल म्हणतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं. परीक्षा करावी आणि घरी जावं, असं तो म्हणत नाही. अध्यायाच्या शेवटी तर अगदी साधी सूचना आहे, एकमेकांसाठी थांबा.

तुमचा संकोच अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 'डिडाखे' नावाचं आरंभीच्या मंडळीचं एक छोटं नियमपुस्तक आहे, बरेच अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात. त्यात लिहिलंय की ज्यांचं सोबत्याशी भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत भाकर मोडायला एकत्र येऊ नये. पण त्यात 'समेट होईपर्यंत' हे शब्द आहेत. कुणीतरी समेटाला निघालंय, हे त्यात गृहीत आहे. तुमच्याकडे तीन महिन्यांत कुणीच निघालेलं नाही. ट्रे तेवढा पुढे सरकतोय.

आता पाळकांनी दिलेल्या दोन वचनांकडे येऊ. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. रविवारी संध्याकाळी दमलेल्या माणसासमोर मंडळीतल्या दोन घरांचा पैशांचा वाद आला की हाताला येईल ते वचन देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. मीही तसं केलेलं आहे. वचनांना आज जे आकडे आहेत ते मुळात नव्हते. नव्या कराराला आजचे वचनांक मिळाले ते १५५१ साली, रोबेर एस्तिएन या मुद्रकाने छापलेल्या ग्रीक आवृत्तीत. त्याआधी साधारण दीड हजार वर्षं लोक पत्र हे पत्रासारखं वाचत होते. आकडे आले, शोधायला सोपं झालं, आणि औषधाच्या पट्टीतून एकेक गोळी काढून द्यावी तशी एकेक ओळ काढून द्यायचीही सोय झाली. तुम्हाला दोन गोळ्या मिळाल्या. आपण अख्खी पट्टी वाचू.

'सत्तर वेळा सात' मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. 'किती वेळा क्षमा करू?' हा प्रश्न पेत्र या शिष्याने विचारला तो येशूचं आधीचं बोलणं ऐकून, आणि ते बोलणं असं होतं की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना सोबत घे. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमेचं ते प्रसिद्ध वचन जिथे आहे तिथेच, त्याच्या वरच्याच परिच्छेदात, जाऊन बोलण्याची आज्ञा आहे. पाळकांनी तुम्हाला जिना न दाखवता एकदम गच्चीवर उभं केलं.

त्याच अध्यायाच्या शेवटी दोन देणेकऱ्यांचा दाखला आहे. एकाला राजाने दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं. तालांत म्हणजे अदमासे सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा ही रक्कम सहा कोटी दिवसांच्या मजुरीची झाली, कुणाच्या बापजन्मात न फिटणारी. तो बाहेर पडला आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला. उपदेशात आपण नेहमी ऐकतो की शंभर दीनार म्हणजे अगदीच किरकोळ. किरकोळ कसले? शंभर दिवसांची मजुरी, म्हणजे रविवार सोडले तर चार महिन्यांचं पोट. तुमच्या दोन पगारांपेक्षा जास्तच. येशूने दाखल्यात मुद्दाम बोचेल असा आकडा घातलाय असं मला वाटतं. तुमचं नुकसान खरं आहे आणि ते खरं आहे असं म्हणण्याने तुम्ही कमी ख्रिस्ती होत नाही. दाखल्यातल्या चाकराने गळा धरला आणि सोबत्याला तुरुंगात टाकलं, राजा संतापला तो त्यावर. 'माझे पैसे कधी देतोस?' असं विचारण्यावर कुणी संतापल्याचं त्यात नाही.

दुसरी गोळी करिंथची. सहाव्या अध्यायात भाऊ भावावर न्यायालयात गेला म्हणून पौल चिडलाय, हे बरोबर. पण तो आधी चिडलाय तो मंडळीवर. तुमच्यात भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही का, हा प्रश्न तिथेच आहे. बाहेर जाऊ नका हे त्या वचनाचं एक टोक, आणि आत निवाडा करा हे दुसरं. पाळकांनी एक टोक तुमच्या हातात दिलं आणि दुसरं टोक, जे त्यांच्या स्वतःच्या हातात असायला हवं होतं, ते खाली पडू दिलं. 'त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?' हेही तिथे आहे, खरं आहे. पण लगेच पुढची ओळ देणेकऱ्याच्या पदरात पडते की तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ती ओळ तुमच्या मैत्रिणीला कुणी वाचायला सांगितली का?

मंडळीने असे निवाडे करणं काही नवीन नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप होता तेव्हा लोकांच्या जमिनीचे, वारशाचे, देण्याघेण्याचे तंटे ऐकण्यात त्याच्या सकाळच्या सकाळी जात. कधी कधी दिवसभर उपाशी बसून तो ते ऐके. त्याला ते काम आवडत नसे आणि तसं तो बोलूनही दाखवी. पण बसत असे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या मनात तीन गोष्टींचा गुंता झालाय असं मला दिसतं. मनातलं वैर सोडणं, पैसे सोडणं आणि संबंध पूर्ववत होणं. पहिली गोष्ट एकट्याने करता येते, ती तुमची आणि देवाची. तिसरीला दोघी लागतात. लूकाच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दटाव आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दटावण्याची पायरी तिथेही आहेच. आणि दुसरी, म्हणजे पैसे, ही पवित्र शास्त्रात जवळजवळ सगळीकडे वेगळी मोजलेली आहे. गणना, पाचवा अध्याय पाहा. अपराध करणाऱ्याने पाप कबूल करायचं आणि ज्याचं नुकसान केलं त्याला मुद्दल अधिक एक पंचमांश भरून द्यायचं. कबुली वेगळी आणि भरपाई वेगळी, एकीने दुसरी फिटत नाही. जक्कय या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कय उभा राहून काय म्हणाला? अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने त्यावर 'राहू दे, तुला क्षमा झाली आहे' असं म्हटलं नाही. आज या घराला तारण झालं, असं म्हटलं.

आणि मला सगळ्यात आवडतं ते पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. फिलेमोनाच्या पळालेल्या दासाला, अनेसिमाला, पौल परत पाठवतो, त्याला भाऊ म्हणून स्वीकार अशी गळ घालतो, सगळं पत्र प्रेमाने ओथंबलेलं आहे. आणि त्यात मध्येच, एखाद्या वाण्याच्या वहीत शोभेल असं वाक्य येतं की तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. वर, मी पौल हे माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. प्रेमापोटी हिशेब फाडायला पौल सांगत नाही. तो स्वतः सही करतो. तुमच्या मंडळीत अशी सही करणारा कुणी आहे का, हे पाहण्यासारखं आहे. त्याकडे मी परत येते.

'परत मिळण्याची आशा न धरता द्या' हे लूकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन तुम्ही स्वतःवरच उगारलंय. ते देणाऱ्याचा हात सैल करायला सांगितलेलं आहे. घेणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही, त्याच्यासाठी सदतिसावं स्तोत्र आहे की दुर्जन उसनं घेतो आणि परत करत नाही. आपण मंडळीत हमखास एक चूक करतो. तुझ्यासाठी असलेलं वचन मी पाठ करते आणि माझ्यासाठी असलेलं तू. तुम्हाला चौघींनी स्तोत्र आठवून दिलं असणार आणि तुमच्या मैत्रिणीला कुणीतरी लूक. उलट करून बघा.

इतका वेळ मी तुमच्या बाजूने बोलले. आता जरा तुमच्याकडे वळते, रागावू नका.

तुम्ही लिहिलंय, 'तीन-चार वेळा सुचवून पाहिलं.' सुचवलं म्हणजे नेमकं काय म्हणालात? 'हल्ली खर्च फार वाढलेत गं'? 'या महिन्यात जरा ओढाताण आहे'? मी असं सुचवणं पुष्कळ ऐकलेलं आहे. ते उपासनेनंतर, चपला घालताना, इतर बायका कानाशी असताना केलेलं असतं. त्यावर समोरची 'प्रार्थना करू या' म्हणाली तर तिने टाळलं हे खरं, पण तिला टाळायला जागा तुम्हीच ठेवली होती. 'माझे पैसे मला परत हवे आहेत, कधी देशील?' हे वाक्य दोन वर्षांत एकदाही तुमच्या तोंडून गेलेलं नसावं असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

तिच्याजवळ गेलं नाही ते वाक्य चौघींजवळ मात्र गेलं. प्रार्थनाविनंती म्हणून. ताई, हे आपल्याकडचं फार जुनं दुखणं आहे. चहाड्या करायच्या नाहीत हे आपल्याला पाठ असतं, म्हणून आपण डोळे मिटून करतो. 'प्रभू, आमच्या त्या भगिनीला बुद्धी दे,' असं म्हटलं की सगळ्यांना कळतं कोणती भगिनी. मत्तयातली पहिली पायरी 'दोघंच असताना' अशी आहे, ती तुम्ही चुकवलीत आणि एकदम तिसऱ्या पायरीवर कुजबुजत पोचलात. यात तुमची मैत्रीण निर्दोष होत नाही. पण तिला आता गटात येताना काय वाटत असेल, याचा एक मिनिट विचार करा.

मला तो विचार करता येतो, कारण मी त्या जागी होते. पुष्कळ वर्षांपूर्वी घरातल्या आजारपणात मी मंडळीतल्या एका बाईंकडून पैसे घेतले होते आणि ठरल्या वेळी परत करू शकले नाही. त्या दारापाशी डावीकडच्या बाकावर बसायच्या. मी वर्षभर उजव्या दाराने आत जायचे आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायचे. गंमत म्हणजे त्याच वर्षी मी सगळ्यात जास्त साक्ष दिली, सगळ्यात मोठ्याने गायले. ढोंग म्हणून नाही. तोंड वळवलं की कुठेतरी वळावं लागतं, मी देवाकडे वळत होते, कारण त्या बाईंकडे वळवत नव्हतं. एके दिवशी त्या उजव्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'पैसे राहू देत का नाही ते आपण बसून ठरवू. पण तू डावीकडून येत जा.' मी तिथेच रडले. पैसे मी पुढे दीड वर्षात थोडे थोडे करून फेडले, दर महिन्याला पाकिटात घालून, आणि त्या पाकिटावर त्या तारीख घालून सही करून परत द्यायच्या. ती पाकिटं माझ्याकडे अजून आहेत.

म्हणून सहा वाजताचं ते वचन आलं की 'ही ढोंगी आहे' असं धरून चालू नका. असेलही. पण लाजेचीही एक भक्ती असते. आणि सोफ्याचं म्हणाल तर तो हप्त्यावर असेल, कुणी दिलेला असेल, किंवा खरंच तुमच्या पैशांच्या आधी तिने सोफा घेतलेला असेल. तिन्ही शक्य आहे. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि कळेपर्यंत तो सोफा तुमच्याच डोक्यात मांडलेला राहील.

तेव्हा आधी एक गोष्ट घरी बसून ठरवा, नवऱ्याला सोबत घेऊन, कारण पैसे तुमचे असले तरी ओढाताण दोघांची झाली. हे पैसे तुम्हाला हवे आहेत की सोडायचे आहेत? सोडायचे असतील तर ते करायला मोकळीक आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञाच आहे. पण मग सोडल्याचं तिला तोंडाने सांगा आणि त्यानंतर सोफा मोजू नका. तिला न सांगता, मनातल्या मनात सोडलेले पैसे सुटत नाहीत, त्यांचं व्याज चढत राहतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुम्हाला पैसे हवे आहेत, गरज आहे, आणि तसं म्हणायची लाज वाटतेय. लाज वाटून घेऊ नका. 'आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर' हे वचन लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात जिथे आहे, तिथे त्याच्या आधीची ओळ काय आहे? मनात भावाचा द्वेष करू नको, शेजाऱ्याची कानउघाडणी कर. पोटात ठेवण्यापेक्षा बोलणं, हीच तिथे प्रीतीची पहिली पायरी आहे.

मग जा. रविवारी नको, मंडळीच्या आवारात नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो, वाचणारी त्यात आपल्याला भीती वाटेल तो आवाज घालते. आधी फोन करून 'पैशांबद्दल बोलायचं आहे' असं स्पष्ट सांगूनच भेटीची वेळ घ्या. प्रार्थनेच्या निमित्ताने जाऊन मग विषय काढला तर तिला फसवल्यासारखं वाटेल. अनुवादात आणखी एक नियम आहे, चोविसाव्या अध्यायात, मला तो फार देखणा वाटतो. देणेकऱ्याचं गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आतून आणून देईल. मागण्याचा हक्क आहे, पण उंबरठा त्याचा. तुम्हीही तिच्या उंबरठ्याचा मान राखा. तिच्या मुलांसमोर नको, तिच्या खर्चाची झडती नको, सोफ्यावर बसावं लागलं तरी त्याचा विषय नको.

काय बोलायचं ते मी लिहून देते, शब्द तुमचे घाला. 'तुला पैसे दिले तेव्हा मनापासून दिले. आता दोन वर्षं झाली आणि मला त्यांची गरज आहे. मी आजवर सरळ विचारलं नाही, आडून बोलले, आणि गटात चौघींजवळ बोलले, ते माझं चुकलं. मला तू हवी आहेस आणि पैसेही हवे आहेत. एकदम जमणार नसेल तर दरमहा किती जमेल ते सांग.' एवढं बोलून गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. शांतता भरून काढायला 'नाही म्हणजे घाई नाही' असं तोंडातून निघेल, ते गिळा.

ती 'प्रभू मार्ग काढेल' म्हणाली तर म्हणा, 'हो, आणि तो मार्ग कोणत्या तारखेला सुरू करायचा ते आपण लिहू.' लिहाच. साधा कागद, रक्कम, दरमहा किती, दोघींच्या सह्या, दोन प्रती. विश्वास नाही म्हणून लिहायचं नसतं, दोन वर्षांनी दोघींची आठवण वेगळं बोलते म्हणून लिहायचं. पौलाने फिलेमोनाला लिहून दिलंच होतं. हप्ता लहान असला तरी घ्या. अगदी लहान असला तरी.

आता ती टाळत राहिली, चिडली किंवा 'असे पैसे घेतलेच नव्हते' म्हणाली, तर दुसरी पायरी. एकदोघं सोबत. इथे बहुतेक जण आपल्या बाजूचे दोघं नेतात आणि मग समोरच्याला वाटतं, वरात आली. त्या चौघींपैकी कुणालाही नेऊ नका. तिचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं एक माणूस निवडा, दोघींना ओळखणारं, आणि त्याला आधी स्पष्ट सांगा की मी चुकत असेन तर मलाही सांगायचं. साक्षीदार म्हणजे साक्ष ऐकणारा, तो तुमचा वकील नव्हे.

त्यानेही झालं नाही तर मंडळी. म्हणजे वेदीवरून जाहीर करणं नव्हे. पाळक आणि कमिटीतले दोन-तीन वडीलजन, बंद खोलीत. तिचे यजमान कमिटीवर आहेत, ते या विषयापुरते बाहेर बसतील, ही अट तुम्हीच आधी घाला, संकोचू नका. पाळकांकडे परत जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, त्यांचंच वचन घेऊन जा. 'तुम्ही सांगितलेला सहावा अध्याय वाचला. त्यात भावाभावांत निवाडा करणारा शहाणा माणूस मागितलाय. तो तुम्ही द्याल का?' आणि फिलेमोनचं सांगायचं राहिलं होतं ते इथे बसतं. त्या घराची खरंच ऐपत नसेल तर मंडळीचा मदतनिधी कशासाठी असतो? फीसाठी मदत तेव्हाच मंडळीने केली असती तर ही वेळ आली नसती. एखाद्या विश्वासू माणसाने 'माझ्या हिशेबी मांड' म्हणावं, असं कमिटीला सुचवायला काही हरकत नाही.

कोर्टाचं विचारलं नाहीत, पण नवऱ्याच्या मनात असेल. पौलाने स्वतः, अन्याय होतोय असं दिसल्यावर, कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागितली होती, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात. तेव्हा न्यायालय हे पापच, असं म्हणता येत नाही. तुमच्या बाबतीत, कागद नसलेल्या दोन पगारांसाठी, मी तरी जाणार नाही. त्यात दोन्ही घरांचे आणखी दोन पगार जातील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट मात्र ठासून सांगते. मत्तयाचा हा जिना दोन बरोबरीच्या माणसांतल्या अपराधासाठी आहे. घरात मारहाण होत असेल, लेकराला कुणी हात लावला असेल, कुणी मंडळीतल्या अनेकांना एकाच योजनेत पैसे गुंतवायला लावून बुडवत असेल, तर 'आधी एकांतात जाऊन बोल' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तिथे सरळ पोलीस आणि कायदा. रोमकरांच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या हाती तलवार आहे असं म्हटलंय, ती अशांसाठीच.

मंडळी सोडायची का? आत्ता नको. निवाडा मागितलात आणि मंडळीने तोंड फिरवलं, तुम्हालाच वाईट ठरवलं, तर मग विचार करा. आज सोडलीत तर नव्या मंडळीत जाल, पण ट्रे तिथेही फिरतो.

आणि त्या ट्रेबद्दल. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथे निघायला सांगितलंय ते, ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याला. म्हणजे देण्याच्या बाबतीत तिने निघायला हवं. अठराव्यात ज्याचा अपराध झालाय त्याने निघायचं, म्हणजे तुम्ही. दोघीही निघालात तर वाटेतच भेटाल. ती निघेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण तुम्ही निघालात, तिच्या दाराशी जाऊन आलात, तर ती काय म्हणाली यावर तुमचा कप अडून नाही. येत्या वेळी घ्या.

जाण्याआधी एक काम राहिलं. त्या चौघींना एकेक करून फोन करा आणि सांगा की ती प्रार्थनाविनंती मी मागे घेते, आता मी स्वतः तिच्याकडे जातेय. चौथीला फोन करून होईपर्यंत तिच्या कानावर बहुधा गेलेलं असेल. म्हणून चारही फोन एकाच संध्याकाळी करा आणि पाचवा लगेच तिला.